एका तंतूचे अनेक वांटेकरी

इ. स. १९४० च्या मार्च महिन्यांत वर्ध्यापासून सुमारे पांच मैलांवर असलेल्या एका लहानशा खेड्याचें नांव बदलण्यांत आलें. त्या खेड्याचें जुनें नांव शेगांव. महात्मा गांधी १९३६ पासून तेथें राहत होते, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून त्यांच्या नांवें पत्रें व तारा येत असत. परंतु शेगांव नांवाचें दुसरें, अधिक मोठें गांव बुलढाणा जिल्ह्यांत रेल्वेच्या मार्गावर असल्यामुळें टपाल चुकून तिकडे जाई. हा घोटाळा मिटविण्यासाठीं अखेर खेड्याचें नांव 'सेवाग्राम' असें ठेवण्यांत आलें. आज तें नांव उच्चारतांना टपालाची अडचण कोणाच्या मनांत येत नाहीं. सेवेचा अर्थ तेवढा येतो. तथापि दळणवळणाच्या इतिहासाकडे पाहणाऱ्यास ही हकीकत मोठी बोधप्रद आहे. एकाच वाटेनें अनेकांचे निरोप जावयाचे असले म्हणजे कोणता निरोप कोणाचा हें ओळखण्याची कांहीं तरी खूण लागते, आणि ती वाट कोणाला केव्हां मिळावी याची कांहीं तरी व्यवस्था लागते. टपालाची पिशवी असो, विजेची तार असो, नभोवाणीची लहर असो, कीं आजच्या काळांतील केसाएवढा बारीक काचतंतु असो, हे दोन प्रश्न कोणालाहि चुकलेले नाहींत. काचतंतूंतून जाणाऱ्या प्रकाशाच्या लहरींची गरजेप्रमाणें बदलती वांटणी करणें, हें या प्रश्नांना मनुष्यानें दिलेलें अलीकडचें उत्तर होय. त्या उत्तराचा अर्थ कळावयाचा, तर त्याची पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. आणि तिचे बहुतेक टप्पे वर्धा जिल्ह्याच्या भूमीवर उभें राहून पाहतां येतात.

वर्धा जिल्हा तसा वयानें फार मोठा नाहीं. १८६२ सालीं नागपूर जिल्ह्याचा कांहीं भाग वेगळा काढून तो निर्माण करण्यांत आला. त्याचें मुख्य ठाणें प्रथम पुलगांवजवळील कवठा येथें होतें; १८६६ सालीं तें पालकवाडी या खेड्यांत हलविण्यांत आलें, आणि त्याच जागेवर वर्धा शहर वसलें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८६७ सालीं, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग वर्ध्यावरून नागपुरास पोंचला. गाड्यांची ये-जा सांभाळावयास रेल्वेला तारायंत्र हवेंच असतें. तेव्हां रुळांबरोबर तारेचे खांबहि आले. हिंगणघाटचा कापूस त्या काळीं मुंबईच्याच नव्हे, तर लिव्हरपूलच्या बाजारांतहि नांवाजलेला होता. १८७० सालीं मुंबई व इंग्लंड यांना जोडणारी समुद्रांतील तार पुरी झाली, आणि विलायतेंतील कापसाचा भाव, जो पूर्वीं आगबोटीनें आठवड्यांच्या हिशेबानें येई, तो तासांच्या हिशेबानें येऊं लागला.

परंतु ती बातमी येई कोणाकडे? तारेचे खांब कित्येक खेड्यांच्या शिवारांतून गेले. तारघर मात्र शहरांत, पेठेंत किंवा रेल्वेच्या स्टेशनांत असे. ज्याच्या वावरावरून बातमी धांवत जाई, त्या कुणब्याला ती पेठेंतील व्यापाऱ्याकडूनच ऐकावी लागे. तार जवळून जाणें आणि तार आपल्या दारीं येणें यांत जें अंतर आहे, तेंच या सर्व इतिहासाचें मर्म होय. देशादेशांना जोडणारे मोठे मार्ग नेहमीं आधीं झाले. शेवटचा दोन-चार कोसांचा तुकडा, ज्याला तंत्रज्ञ आज 'प्रवेशजाल' म्हणतात, तो सर्वांत मागाहून आला. कारण उघड आहे. मोठ्या मार्गाचा खर्च लाखो लोकांत वांटला जातो. शेवटच्या तुकड्याचा खर्च त्या टोकाला राहणाऱ्या थोड्या लोकांवर पडतो.

दुसरी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. दळणवळणाची गरज सर्व दिवस सारखी नसते. कापसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्या महिन्यांत हिंगणघाटसारख्या पेठेंत जी लगबग असते, ती आषाढांत नसते. १९४२ च्या जुलै महिन्यांत कॉंग्रेसची कार्यकारिणी वर्ध्यास भरली आणि १४ जुलै रोजीं ब्रिटिश सत्तेनें हिंदुस्थान सोडावा अशा मागणीचा ठराव झाला. अशा दिवशीं एरव्हीं शांत असणाऱ्या या शहराकडे साऱ्या जगाचे कान लागत. आतां त्या एका आठवड्याच्या मानानें तारा घालाव्या, तर वर्षाचे उरलेले दिवस त्या रिकाम्या राहतील. आणि उरलेल्या दिवसांच्या मानानें घालाव्या, तर ऐन प्रसंगीं अपुऱ्या पडतील. ठरीव वांटणीचा हा दोष कोणत्याहि युगांत सुटलेला नाहीं.

तांब्याची तार महाग. म्हणून एकाच तारेंतून अनेक निरोप कसे न्यावे याचा विचार पाश्चात्त्य शोधकांनीं फार लवकर सुरू केला. १८७४ सालीं एडिसन यानें एका तारेंतून एकाच वेळीं दोन्ही दिशांनीं दोन दोन, असे चार निरोप पाठविण्याची योजना सिद्ध केली. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें बोदो यानें निराळी युक्ति काढली. त्यानें तार अनेकांत पाळीनें वांटून दिली; प्रत्येकाची पाळी इतक्या जलद फिरून येई कीं, आपल्या वांट्यास पूर्ण तार आहे असें प्रत्येकास वाटावें. ग्रॅहम बेल याचा मार्ग तिसरा होता. निरनिराळ्या सुरांचे कंप एकाच तारेंत सोडावे आणि दुसऱ्या टोकाला प्रत्येक सूर वेगळा करून घ्यावा, या खटपटींत तो होता. त्या खटपटींतूनच १८७६ सालीं दूरध्वनि जन्मास आला. गाण्याच्या बैठकींत तंबोरा, सारंगी व तबला यांचे नाद एकाच हवेंतून येतात, तरी कान ते वेगळे ओळखतो. बेलचें तत्त्व तेंच होय. म्हणजे एका वाटेची वांटणी पाळीनें करतां येते, किंवा सुरानें करतां येते. पुढील दीडशें वर्षांत झालेलें सारें काम या दोन युक्तींच्या मिश्रणाचें आहे.

सुरानें केलेली वांटणी नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष परिचयाची आहे. नागपूरचें नभोवाणी-केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें, आणि वर्धा जिल्ह्यांतील घरांना मराठी कार्यक्रम जवळून ऐकूं येऊं लागले. पुढें ५८५ किलोहर्ट्झ ही त्या केंद्राची परिचित खूण झाली. लांबीच्या भाषेंत ती लहर सुमारें ५१३ मीटरांची होते. रेडिओचा कांटा फिरवून तेथें आणला कीं नागपूर लागतें, थोडा सरकविला कीं दुसरें केंद्र. आकाश एकच, परंतु प्रत्येक केंद्राची लहर निराळी असल्यामुळें एकाचें बोलणें दुसऱ्यांत मिसळत नाहीं. मात्र या व्यवस्थेंत एक कृपणपणा आहे. रात्रीं केंद्र बंद झालें तरी त्याची लहर जवळपासच्या दुसऱ्या कोणाला वापरतां येत नाहीं. मालक निजलेला असला तरी खोलीला कुलूप असावें, तसा हा प्रकार आहे.

दूरध्वनीची रीत तर याहूनहि उधळी होती. सेवाग्रामच्या आश्रमांत एक दूरध्वनि बसविण्यांत आला, तो व्हाइसरॉय लॉर्ड लिन्लिथगो यांना गांधीजींशीं तांतडीनें बोलतां यावें म्हणून. राज्यकर्त्यांना गरज भासली तेव्हां शहरापासून दूर असलेल्या त्या खेड्यापर्यंत तार गेली. सामान्य खेड्यासाठीं मात्र एका घराला तारांची एक स्वतंत्र जोडी हा हिशेब कधींच परवडला नाहीं. ती जोडी दिवसाचे तेवीस तास निजून असे, तरी तिचा खर्च चोवीस तासांचा असे. १९८४ सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन-संस्थेनें १२८ जोडण्यांचें लहान ग्रामीण केंद्र तयार केलें. उष्णता व धूळ सोसणारें आणि वातानुकूलनाखेरीज चालणारें तें यंत्र १९८६ सालीं कर्नाटकांतील कित्तूर येथें प्रथम बसलें. त्यामुळें हिंदुस्थानांतील खेड्यांत दूरध्वनि पोंचण्याची वाट बरीच मोकळी झाली. तरी तांब्याच्या तारेची मर्यादा होती ती राहिलीच.

ती मर्यादा ओलांडली प्रकाशानें. पाण्याच्या वक्र धारेंतून प्रकाश आंतल्या आंत परावर्तन पावत धारेबरोबर वळतो, हें जिनीव्हा येथें कोलादों यानें १८४० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत आणि लंडनमध्यें टिंडॉल यानें १८५४ सालीं दाखविलें होतें. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९५४ सालीं, पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं हॉपकिन्स यांच्यासह काचतंतूंच्या जुडग्यांतून चित्र नेण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. अडचण होती ती काचेच्या अशुद्धपणाची. १९६६ सालीं चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, एक किलोमीटर गेल्यावर मूळ प्रकाशाचा शंभरावा भाग जरी उरला, तरी काचतंतु संदेशवहनास उपयोगी पडेल. १९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंगच्या शास्त्रज्ञांनीं त्याहून सरस तंतु काढला, आणि आज किलोमीटरअखेर पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास प्रकाश शिल्लक ठेवणारे तंतु सर्रास बनतात. काओ यांना २००९ सालीं या कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां हा तंतु घरापर्यंत न्यावा कसा? प्रत्येक घराला स्वतंत्र तंतु दिला, तर दूरध्वनीच्या तारेचा जुना खर्च पुन्हां उभा राहतो. म्हणून तंत्रज्ञांनीं कालव्याची रीत उचलली. मुख्य केंद्रांतून एकच तंतु निघतो. वाटेंत एका लहानशा पेटींत त्याचा प्रकाश बत्तीस किंवा चौसष्ट फांट्यांत वांटला जातो. या पेटीला वीज लागत नाहीं, ती खांबावर किंवा जमिनींत वर्षानुवर्षें पडून राहूं शकते. वीज वरचेवर जाणाऱ्या मुलखांत हा गुण मोठा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें २००३ सालीं प्रमाणित केलेल्या 'जी-पॉन' या पद्धतींत केंद्राकडून घराकडे जाणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर लांबीचा, आणि घराकडून केंद्राकडे येणारा १३१० नॅनोमीटर लांबीचा असतो. नॅनोमीटर म्हणजे मीटराचा अब्जावा भाग. हे दोन्ही 'रंग' मनुष्याच्या डोळ्याला दिसत नाहींत. जातांना सर्वांचे निरोप सर्व घरीं जातात. प्रत्येक घरचें यंत्र पत्ता पाहून स्वतःचा निरोप तेवढा उचलतें. येतांना मात्र बोदोची पाळी लागू होते. कोणतें घर किती दूर आहे हें केंद्र आधीं मोजून ठेवतें आणि कोणी केव्हां बोलावें हें क्षणाक्षणाला ठरवितें. ज्याला गरज अधिक त्याला पाळी अधिक मिळते. जातांनाचा वेग सेकंदास सुमारें २५० कोटी खुणांचा असतो. बत्तीस घरांनीं एकाच वेळीं समान हिस्सा मागितला, तर प्रत्येकास आठ कोटींहून थोडा कमी येतो.

हिंदुस्थान सरकारनें २०११ च्या ऑक्टोबरांत सुमारें अडीच लाख ग्रामपंचायतींना काचतंतूनें जोडण्याची जी योजना मंजूर केली, आणि जिला पुढें 'भारतनेट' हें नांव मिळालें, तिच्या पहिल्या रचनेंत हीच पद्धत स्वीकारली होती. तालुक्याच्या ठिकाणापर्यंतचा जुना तंतु वापरावयाचा, तेथून पुढें पंचायतीपर्यंत नवा तुकडा घालावयाचा, असें तिचें सूत्र होतें. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर हे वर्धा जिल्ह्याचे आठ तालुके. त्यांतील खेड्यांच्या दृष्टीनें पाहतां, १८६७ सालीं शिवारावरून निघून गेलेली तार दीडशें वर्षांनीं गांवांत उतरावयाची होती.

लवचीक लहरींची कल्पना येथून पुढची आहे. एका तंतूंत एकच लहर जाते तोंवर तिचे वांटेकरी वाढले कीं प्रत्येकाचा हिस्सा घटतो. पण बेलचे सूर आठवले, तर त्याच तंतूंत अनेक लहरी सोडतां येतील हें सहज ध्यानांत येतें. २०१३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें 'एन्-जी-पॉन-२' या नांवानें जें प्रमाण ठरविलें, त्यांत एकाच तंतूंत चार लहरींच्या जोड्या असतात, आणि त्या वाढवितां येतात. प्रत्येक लहर सेकंदास सुमारें हजार कोटी खुणा नेते. परंतु खरें नावीन्य संख्येंत नाहीं. घरच्या यंत्राला रेडिओसारखा कांटा दिलेला असतो, आणि तो कांटा घरचा मनुष्य फिरवीत नाहीं, केंद्र फिरवितें. पहिल्या लहरीवर गर्दी झाली कीं केंद्र कांहीं घरांना दुसऱ्या लहरीवर नेतें. मध्यरात्रीं सारीं घरें निजलीं कीं सर्वांना एकाच लहरीवर गोळा करून उरलेल्या लहरींचीं यंत्रें बंद ठेवतां येतात आणि वीज वांचते. एका लहरीचें यंत्र बिघडलें तर तिच्यावरचीं घरें दुसऱ्या लहरींचा आश्रय घेतात. शिवाय एकाच तंतूंतील निरनिराळ्या लहरी निरनिराळ्या कंपन्यांना देतां येतात. म्हणजे एकाच रस्त्यावर चार वेळां खणती करावी लागत नाहीं. निजलेल्या मालकाच्या खोलीचें कुलूप या पद्धतीनें प्रथमच उघडलें.

मात्र ही सोय फुकट मिळत नाहीं, आणि येथें वर्ध्याच्या हवेचा संबंध पोंचतो. या पद्धतींत केंद्राकडून येणाऱ्या शेजारच्या दोन लहरींत एका नॅनोमीटरहूनहि कमी अंतर असतें. सामान्य लेसरची लहर एका अंशाच्या उष्णतेनें सुमारें एक दशांश नॅनोमीटर सरकते. घरच्या लेसरला केंद्राकडे बोलतांना अशाच दाटींत आपली जागा राखावयाची असते. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो; हिवाळ्यांतील रात्र व वैशाखांतील दुपार यांत तीस-पस्तीस अंशांचा फरक पडतो. तेव्हां भिंतीवर टांगलेल्या पेटींतील लेसर मोकळा सोडला, तर तो ऋतु बदलतांच शेजाऱ्यांच्या लहरी ओलांडून पलीकडे जाईल. त्याला सतत मोजलेल्या उष्णतेंत ठेवावें लागतें. गंमत अशी कीं, लहर हवी तेथें आणण्याच्या प्रचलित उपायांपैकीं एक उपाय हाच आहे; लेसर किंचित् तापवावा वा निववावा. दोष तोच गुण होतो, पण त्यासाठीं यंत्र नाजूक व महाग बनतें. अमेरिकेंतील व्हेरायझन कंपनीनें ही पद्धत अंगीकारली. जगांतील बहुतेकांनीं मात्र २०१६ सालीं प्रमाणित झालेली, एकाच ठरीव लहर-जोडीवर दोन्ही दिशांनीं हजार कोटी खुणा नेणारी, स्वस्त व साधी पद्धत पसंत केली. जें अधिक चतुर तेंच अधिक पसरतें, असा नियम यंत्रांच्या इतिहासांत आढळत नाहीं.

याहून मोठी मर्यादा कुदळीची आहे. झाडासारख्या फांट्यांच्या रचनेंत बुंध्याजवळ तंतु तुटला, तर पुढचे सारे फांटे एकदम सुकतात. लहरींची कितीहि कुशल वांटणी तेथें उपयोगी पडत नाहीं. म्हणूनच २०२३ च्या ऑगस्टांत केंद्र सरकारनें १,३९,५७९ कोटी रुपयांची जी सुधारित भारतनेट योजना मंजूर केली, तींत झाडाऐवजीं कड्याची रचना धरली. एका बाजूनें वाट तुटली तर दुसऱ्या बाजूनें फिरून यावें, हा तिचा हेतु. आणि वाटेंतील पेटीला वीज लागत नसली, तरी पंचायतींतील यंत्राला ती लागतेच. तेथें दिवा गेला कीं तंतूंतील प्रकाश व्यर्थ होतो.

तथापि लवचीक वांटणीची कल्पना मागें पडली असें मानणें चुकीचें होईल. तिनें एक जुना समज कायमचा मोडला: वाट ज्याच्या नांवावर, ती त्याची अहोरात्र. पाळी असो वा लहर असो, ती गरजेच्या मागें फिरूं शकते, हें आतां सिद्ध झालें आहे. पण त्याबरोबरच एक नवी जबाबदारीहि आली आहे. ठरीव वांटणींत अन्याय असला तरी तो नकाशावर दिसे. कोणत्या गांवीं तार नाहीं हें कोणालाहि मोजतां येई. बदलत्या वांटणींतील अन्याय सेकंदाच्या हजाराव्या भागांत घडतो, आणि तो पाहण्यास केंद्रांतील नोंदीखेरीज साधन नाहीं. सेवाग्रामच्या रुग्णालयांतील वैद्यानें आर्वीकडच्या एखाद्या खेड्यांतील रुग्णाची छायाचित्रें पाहावयाचीं आहेत, आणि त्याच वेळीं त्याच तंतूवर शेकडो घरें करमणुकीचे खेळ पाहत आहेत, अशी वेळ आली तर आधीं कोणास वाट द्यावी? हिंगणघाटच्या बाजारांतील आजचा भाव शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्याच क्षणीं कळावा, कीं जो अधिक पैसे देईल त्याला आधीं कळावा? यंत्राला कोणती लहर रिकामी आहे एवढें कळतें. कोणाची गरज मोठी, हें त्याला कोणी तरी नियम करून सांगावें लागतें. आणि तो नियम लिहिणाराच आजच्या काळांतील खरा तारबाबू होय.

१५ जुलै २०१३ पासून सरकारी तारसेवा बंद झाली. कापसाचे भाव आणणारें आणि ठरावाच्या बातम्या नेणारें तें साधन इतिहासजमा झालें. त्याच्या जागीं जें आलें आहे, तें लक्षावधि पटींनीं वेगवान् आहे. परंतु तारघर पेठेंत कीं गांवांत, हा जो प्रश्न पहिल्या खांबाबरोबर या जिल्ह्यांत आला, तो अजून पुरता सुटलेला नाहीं. तंतु गांवांत पोंचणें हा त्याच्या उत्तराचा पहिला अर्धा भाग झाला. गांवाची पाळी वेळेवर येते कीं नाहीं, हें दक्षतेनें पाहणें हा दुसरा. आणि तो यंत्रानें नव्हे, नागरिकांनींच पुरा करावयाचा आहे.